माझ्या साडूंची आठवी स्लाइड

तोंडदेखलं बोलणं ज्याच्या अंगात औषधालाही नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान गेली दहा वर्षं जपानात, त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आहेत. उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो धातूच्या भुकटीत मुरवून ठेवायचा आणि थंडीत त्यावर घर गरम करायचं, असं त्यांचं काम. आम्ही टोकियोत, हिगाशी-कसाईत राहतो. महिन्यातून एखाद्या रविवारी ते सहकुटुंब जेवायला यायचे आणि आमच्या घरातलं एखादं समाधान कमी करून जायचे. एकदा बायकोने हौसेने पुरणपोळ्या केल्या आणि पहिल्याच घासाला विचारलं, "भावोजी, कशी झालीय?" साडू म्हणाले, "एका पोळीवरून सांगणं बरोबर नाही." तिने दुसरी वाढली, तिसरी वाढली. चौथी संपवून, वर पाणी पिऊन त्यांनी निकाल दिला, "चांगल्या आहेत. दुसरी जरा जास्त भाजली गेली." तेव्हापासून बायको त्यांना काही विचारत नाही, नुसती वाढते.

भविष्यकाळाशी तर त्यांचं उभं वैर. "उद्या भेटू" असं ते कधी म्हणत नाहीत, "उद्या भेटायचा विचार आहे" म्हणतात. साताऱ्याच्या मावशींचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर रांगेने येऊन त्यांना धीर दिला. साडूंची पाळी आली तेव्हा त्यांनी, या डॉक्टरांनी आजवर किती गुडघे केलेत आणि त्यातले किती चालतात, याची चौकशी केली. मावशींनी ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं. माझी बढती अडली होती तेव्हा मीही नुसत्या दोन गोड शब्दांसाठी त्यांना फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या साहेबांना मी ओळखत नाही हो." जपान त्यांना मानवला तो याच स्वभावामुळे. गाडी जराशी उशिरा आली तर इथे स्टेशनवर माफी मागतात, आणि हवामान खातं पावसाचेसुद्धा टक्के सांगतं. हा देश खास आपल्यासाठी वसवलाय अशी त्यांची समजूत असावी. इथेही माणसं एकमेकांना बरं वाटावं म्हणून केवढं बोलतात, ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं गेल्या वर्षी, थंडीच्या तोंडावर. संस्थेने गावातल्या लोकांसाठी 'उद्याची ऊर्जा' नावाचा जाहीर कार्यक्रम ठेवला. प्रत्येक संशोधकाला आठ मिनिटं आणि आठ स्लाइड. स्लाइड दर मिनिटाला आपोआप सरकणार आणि शेवटी घंटा वाजणार. शेवटच्या स्लाइडवर मात्र, ही गोष्ट घरोघरी यायला किती वर्षं लागतील तो आकडा लिहायलाच हवा. प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीची माणसं पहिल्या रांगेत बसून, तो पुढे चालवायचा की गुंडाळायचा हे ठरवणार होती. प्रकल्प गुंडाळला की साडूंचा करार संपणार, आणि पहिलीपासून जपानी शाळेत शिकलेल्या मुलीला अकरावीत उचलून पुण्याला न्यावं लागणार.

तालीम आमच्याकडेच झाली. मी स्वयंपाकघरातला टायमर हातात धरून बसलो. सात स्लाइड झाल्या आणि आठवी आली ती कोरी. मी विचारलं, "हे काय?"

"मला माहीत नाही, तर लिहू कसं?"

"तुमचे साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, ध्येय म्हणून टाका काहीतरी. नंतर विचारायला कुणी येत नाही."

ताई स्वयंपाकघरातून तशाच बाहेर आल्या. "अहो, सगळं जग आकडे टाकतंय. तुम्ही एक टाकलात तर जीव जाणार आहे का?"

भाचीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि 'पंधरा वर्षे' असं टाइप केलं. "बाबा, इट्स जस्ट अ नंबर," ती म्हणाली. मग खाली मान घालून जपानीत पुटपुटली, की मला इथून जायचं नाहीये. साडूंचा हात तो पुसायला पुढे झाला. मी म्हणालो, "साडूभाऊ, राहू द्या आकडा." मी आयटीतला माणूस. आमच्याकडे काम काय आहे ते कळायच्या आधी तारीख देतात.

कार्यक्रमाच्या दिवशी, 'उद्याची' हा शब्द इथे सैल अर्थाने वापरला आहे, हे समजावण्यातच त्यांची पहिली स्लाइड गेली. त्यानंतर स्लाइड पुढे आणि साडू मागे, अशी वरात निघाली. पडद्यावर टाकी आली तेव्हा ते अजून भुकटीवरच होते. लोक कौतुकाने हसत होते. मग आठवी स्लाइड आली आणि ते एकदम थांबले. ताईंनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. साडूंनी त्या आकड्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"पंधरा वर्षं," ते म्हणाले. "घरोघरी." घंटा वाजली आणि आम्ही सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडताना एक म्हाताऱ्या बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एकटीच असते. हिवाळाभर हीटरसाठी रॉकेलचे कॅन उचलून कंबर गेली. पंधरा वर्षं म्हणालात ना? मग तेवढी काढते मी." त्या वाकल्या. साडू त्यांच्याहून खाली वाकले आणि वर येईचनात. शेवटी भाचीने त्यांची बाही ओढली.

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, भाचीची शाळा राहिली, ताईंनी पेढे वाटले. साडू मात्र आता रविवारी जेवायला येत नाहीत, लॅबमध्ये असतात. परवा न राहवून मी फोन केला. म्हटलं, "एवढी कसली घाई करताय? चांगली पंधरा वर्षं आहेत की."

"चौदा वर्षं चार महिने," ते म्हणाले. "आणि त्या आजी एकोणऐंशीच्या झाल्या." मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, त्यांनी घाईने फोन ठेवला.

आम्हाला फक्त एक आकडा हवा होता. तो खरा करायला कुणीतरी बसेल, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि याचं मला आता फार वाईट वाटतं. हायड्रोजनमधलं मला ओ की ठो कळत नाही. या रविवारी त्यांच्यासाठी डबा घेऊन त्सुकुबाला जाणार आहे.