शोकेसमधला दगड

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण दगडाचा विषय निघाला की समोरच्याची सुटका नसे. गावामागचा डोंगर कसा झाला हे मी झोपेतही सांगेन. खोल जमिनीत उष्णतेनं आणि दाबानं खडकाचं रूप पालटतं. तिथे एखादा जुना भ्रंश, म्हणजे लांबच लांब भेग असली, की दोन्ही बाजू एकमेकींना घासतात, मधला खडक कणकेसारखा मळला जातो आणि एक बाजू हळूहळू वर येते.

कोणती बाजू? यावरून भाऊजींनी जिवलग मित्राशी उभा दावा मांडला. मित्र म्हणे पश्चिमेची, भाऊजी म्हणत पूर्वेची. पुरावा ताईच्या शोकेसमध्ये, कपबश्यांच्या शेजारी होता: त्या भ्रंशातून काढलेला दगड. त्यातल्या लाल दाण्यांच्या शेपट्या कुठे वळल्यात त्यावरून सगळं कळतं म्हणे. फक्त दगड काढण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण काढायचा. तो फिरला की पूर्वेची पश्चिम झालीच. या बाणाच्या भरवशावर भाऊजींनी पुस्तक लिहिलं आणि मैत्री घालवली.

शेवटी संग्रहालयानं तो दगड मागितला. समारंभाच्या सकाळी भाऊजी दगड पुसायला बसले आणि ओरडलेच, “अगं, हा बाण नेलपॉलिशचा आहे!”

“मग? तुमचा संडासाकडे तोंड करून होता,” ताई म्हणाली. “पाहुण्यांना बरं दिसतं का? पुसला आणि दाराकडे काढला.”

“कधी?”

“दगड आणलात त्याच आठवड्यात.”

पुस्तक त्यानंतरचं.

“अगं, मग दगडच फिरवायचा!”

“आणि चकचकीत बाजू भिंतीकडे?”

मला हसू आवरेना, पण भाऊजींचं तोंड पाहून मी ते खोकल्यात दडवलं. “कुणाला बोलू नकोस,” ते ताईला पुटपुटले.

“इतकी वर्षं पूर्वेची बाजू मीच उचलून धरलीय, आता काय खाली टाकते? पण तुमच्या मित्राला तरी खरं सांगा हो.”

“सांगतो,” भाऊजी म्हणाले.

समारंभाला मित्र आले. भिंग लावून त्यांनी दगड बराच वेळ न्याहाळला, बाण पाहिला आणि सगळ्यांदेखत भाऊजींचा हात धरला. “चुकलो रे मी. तुझंच खरं.”

भाऊजींचे डोळे भरून आले. त्यांनी घसा खाकरला, ताईकडे पाहिलं आणि मित्राला मोठ्या मनानं माफ केलं.