गजभिये मॅडमची अर्धी गोळी

गजभिये मॅडमना हृदय शिकवायला ना फळा लागायचा ना तक्ता. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत जराशी अडकवायच्या आणि हळूच आत सरकवायच्या. हृदयाच्या स्नायूतले बारीक तंतू असेच एकमेकांत सरकतात आणि हृदय आकसतं, इतकं सोपं. तंतूंना सरकायला लावतं ते कॅल्शियम. पेशीत ते जास्त आलं की ठोका जोरकस, कमी आलं की मवाळ. माणूस घाबरला, धावला की ॲड्रेनलिन सुटतं आणि ते हे कॅल्शियम वाढवतं. एवढ्यावरही जिला कळलं नाही तिला मॅडम शांतपणे विचारायच्या, डोकं होस्टेलवर ठेवून आलीस का?

आईवडिलांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर वर्षभरात त्या जन्मल्या, म्हणून नाव आम्रपाली. पण पुण्याच्या ज्या नर्सिंग कॉलेजात त्या शिकवायच्या, तिथे त्यांना नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा एक नियम मुलींना झोपेतही पाठ असे. कमजोर हृदयाला ॲड्रेनलिन अडवणारी गोळी कधीही द्यायची नाही. ज्याच्यात आधीच जोर नाही, त्याचा उरलासुरला जोरही काढून घ्यायचा म्हणजे काय? तेव्हाच्या पुस्तकांतही असंच होतं. पुढे मॅडम प्राचार्य झाल्या, वर्ग सुटला. पुस्तकं बदलली, मॅडम काही बदलल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात विश्रांतवाडीच्या घराचा जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. मुलगा धम्मदीप खराडीच्या ऑफिसातून रजा काढून त्यांना सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासणीत हृदय फुगलेलं आणि अशक्त निघालं. औषधांनी पायांची सूज उतरली, आणि मग डॉक्टरांनी नेमकी तीच गोळी लिहून दिली, रोज अर्धी. मॅडमनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. रोज सकाळी मुलासमोर पाकिटातून अर्धी गोळी काढायच्या आणि तो आंघोळीला गेला की बेसिनमध्ये सोडून द्यायच्या. दुसऱ्याच्या चुकीने आपण मरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या खेपेला नाडी बघायला आली ती नम्रता. ती तिथली मोठी सिस्टर, आणि एके काळची मॅडमची विद्यार्थिनी. गोळीने मंदावायला हवी होती ती नाडी चांगलीच जलद लागली. तिने धम्मदीपला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं आणि दार लोटून विचारलं, "मॅडम, गोळी घेत नाही ना तुम्ही?"

खोटं बोलणं मॅडमना कधी जमलं नाही. त्यांनी कारणासकट सगळं सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं.

नम्रताने ऐकून घेतलं. मग तिने आपली गोष्ट सांगितली. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा एका रिक्षावाल्याला डॉक्टरांनी हीच गोळी लिहिली आणि तिने ती द्यायला साफ नकार दिला. आमच्या मॅडमनी सांगितलंय, एवढंच कारण. अख्ख्या वॉर्डासमोर तिला बोलणी बसली. गोळी दुसऱ्या सिस्टरने दिली, आणि धापेमुळे उताणं झोपताही न येणारा तो माणूस काही महिन्यांनी स्वतः चालत तपासणीला आला. थकलेल्या हृदयावर ॲड्रेनलिन सतत चाबूक ओढत असतं, ती म्हणाली. तेवढ्यापुरता जोर येतो, पण स्नायू त्यातच झिजत जातो. गोळी तो चाबूक धरून ठेवते. सुरुवातीला जोर थोडा उतरतो खरा, म्हणूनच अर्धीपासून चढवत न्यायची. मग सवडीने स्नायू सावरतो आणि ठोक्यात जोर परत येतो.

मॅडमना स्वतःच्या जिवाचं काही वाटत नव्हतं. आपण शिकवलेल्या किती मुली कुठल्या कुठल्या वॉर्डात अशाच अडून उभ्या राहिल्या असतील, हे त्या मनात मोजू लागल्या.

"मला तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मॅडमनी खरोखरच विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्याकडे पाणी मागितलं.