कोरड्या विहिरीचे फोटो

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळातली गोष्ट. मुरुडच्या बाजारातल्या त्या फोटोवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. बोलताना तो सारखा शर्टाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसायचा. आमच्या वस्तीच्या कोरड्या विहिरीचे फोटो मला दोन दिवसांवर आलेल्या मोर्चात कलेक्टरांपुढे ठेवायचे होते. त्याशिवाय टँकर मिळणार नव्हता. मोर्चाच्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेतच होता.

"रंगीत रोल घालू," तो म्हणाला. "त्यो हैदराबादला धुत्यात. तिथं पानी हाय."

"कधी येतील?"

"आठ-धा दिस."

"मग ब्लॅक अँड व्हाइटच काढा."

"त्यो मलाच धुवावा लागतो, भाऊ. लई पानी लागतं. तुमच्या पत्रकानं धुऊ का?"

मी चिडलो. पाणी हा हक्क आहे, उपकार नव्हे, असं भाषण ठोकलं. ते संपेपर्यंत त्याने ब्लॅक अँड व्हाइट रोल भरून सायकल काढली होती.

मोर्चाच्या सकाळी फोटो घ्यायला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रिकामा रांजण उपडा घालत होती. "आज घरात कुणाचीच आंघोळ न्हाई," ती हसून म्हणाली. फोटोंच्या कडा अजून ओलसर होत्या.

टँकर मंजूर झाला. पहिली घागर मी सायकलला बांधून त्याच्याकडे नेली.

काच पुसत तो म्हणाला, "थांबा, घागरीसंगं तुमचा फोटो काढतो. ह्यो मातर रंगीत. आता घाई न्हाई."