कोवळ्या पानांवरच्या मुंग्या

रुग्णालयाच्या दारातली, बुटक्या ताडासारखी दिसणारी सायकसची दोन झाडं माळीणबाईंनी एकोणीस वर्षं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. मग त्यांच्याच धाकट्या दिराने, ज्याला कात्री कशी धरायची हेही त्यांनीच शिकवलं होतं, रुग्णालयाच्या साहेबांचे कान भरले. "वहिनींना आता दिसत नाही. तण समजून रोपंच उपटतात." रोपं त्यानेच उपटली होती. साहेबांनी शहानिशा केली नाही. बागेची किल्ली दिराकडे गेली आणि बाई घरी बसल्या. त्या भांडल्या नाहीत. दात आवळून वाट बघत राहिल्या.

सायकसला नवी पानं वर्षातून एकदाच फुटतात, सगळी एकदम. ती कोवळी असतात तेवढे पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून जपायचं. गेली तर पुढे वर्षभर नुसत्या काड्या बघत बसायचं. त्या वर्षी पानं फुटली तेव्हा बाई मुद्दाम फाटकापाशी रेंगाळल्या. नखाएवढी करडी फुलपाखरं कोंबांभोवती घिरट्या घालत होती. म्हणजे अंडी पडली.

"पडू देत," बाई पुटपुटल्या आणि भाजी घेऊन घरी आल्या.

चौथ्या दिवशी दीर एक पान घेऊन स्वयंपाकघरात आला. तोंड उतरलेलं.

"वहिनी, पानं कुरतडलीत. मुंग्यांची रांग लागलीय. मुंग्याच खात असतील ना?"

पानाच्या शिरेला चिकटून, पानाच्याच रंगाची, तांदळाएवढी अळी बसली होती. तिच्या अंगातून गोड पाझरतं, ते चाटायला मुंग्या येतात. नवखा माळी हमखास इथेच फसतो. बाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि परत दिलं.

"मला कुठे दिसतंय, भाऊजी? तुम्ही म्हणताय तर मुंग्याच असतील."

त्याने बुंध्याभोवती मुंग्यांची पावडर पसरली. वर अळ्यांनी पानांचा फडशा पाडला. बाई रोज फाटकाशी जाऊन बघून यायच्या. जीव तुटायचा आणि बरंही वाटायचं. बरं जरा जास्तच वाटायचं.

अकराव्या दिवशी साहेबांनी दोघांनाही बोलावलं. दिराची कानउघाडणी करून किल्ली काढून घेतली आणि बाईंपुढे धरली.

"चूक झाली आमची. तुम्ही असता तर हे वेळीच लक्षात आलं असतं, नाही का?"

गप्प बसून किल्ली घ्यायची, एवढंच काम होतं. पण दीर शेजारीच उभा होता.

"पहिल्याच दिवशी आलं होतं," बाई म्हणाल्या. "फाटकातूनच कळलं. यांनी पान आणलं, त्यावरची अळीही दिसली."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. तो बाईंनी मन भरेपर्यंत पाहून घेतला. साहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि दोघांनाही जायला सांगितलं.

घर एकच, त्यामुळे रस्ताही एकच. बाई पुढे, दीर चार पावलं मागे. कोपऱ्यावर त्याने मागून हळूच विचारलं, "वहिनी, ती अळी कुठल्या रंगाची असते?"

बाईंनी तेही सांगितलं नाही.