सहावं लेबल

आमच्याकडे भुताखेतांच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. माहेर मूळचं वेंगुर्ल्याकडचं. मामा मुंबईला आला की जेवणं झाल्यावर त्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या आणि मी नेमकी तेव्हाच ताटं घासायला उठायचे. भीती वाटायची म्हणून नाही... कंटाळा यायचा. पुढे कॉम्प्युटर शिकले, सी या भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागले आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. सी मध्ये आपण लिहितो तेच होतं. नको ते झालं तर चूक आपलीच असते, आणि शोधली की सापडते. वीस वर्षं मी या एका नियमावर काम करतेय.

त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. तरी जसं घडलं तसं सांगते.

मी मुलुंड पूर्वेला राहते. ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. आम्ही सहा माणसं. हॉस्पिटलांना लागणारी छोटी यंत्रं बनवतो — रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारी. यंत्राची जोडणी संदेश परब करतो, आतला प्रोग्रॅम माझा.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका नर्सिंग होमने लेबलवर मराठी नावं मागितली. म्हणणं रास्त होतं. लेबल पेशंटला दाखवून ‘हे तुमचंच नाव ना?’ असं विचारायचं, तर ते त्याला वाचता यायला नको का?

आता इंग्रजी नाव छापणं सोपं. मराठी अक्षरांना कॉम्प्युटरच्या आत जास्त जागा लागते, त्यांना वाइड कॅरेक्टर म्हणतात, आणि ती छापायला प्रिंटएफ ही साधी आज्ञा चालत नाही, डब्ल्यूप्रिंटएफ वापरावी लागते. पहिल्या दिवशी सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर आली, कारण भाषा कुठली हे सांगणारी सुरुवातीची ओळच मी विसरले होते. ती घातली तर नावं आली, पण रकाने वाकडे. ‘श्रीकृष्ण’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. मशीन वेलांटी, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं असं सगळं सुटं करून नऊ मोजतं. वीस घरं राखून ठेव म्हटलं की ते आपल्या हिशेबाने मोकळी जागा सोडतं, आणि मग वय कुणाचं इथे, कुणाचं तिथे. हे निस्तरण्यात चार दिवस गेले. एवढं सांगायचं कारण, त्या प्रोग्रॅमची ओळन् ओळ मला तोंडपाठ झाली होती.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही शेवटची चाचणी घेतली. आमच्या सोसायटीतल्या पाच जणांची नावं मी टाकली होती, वय आणि रक्तगट मनाने. पाच नावं, पाच लेबलं. रकाने एका रेषेत आले. मी खूश झाले, चहा सांगायला वळले, तर मशीन परत घरघरलं आणि सहावं लेबल बाहेर आलं.

संदेशने ते फाडून बघितलं. “ह्या काय आता?” त्याच्या मालवणीत म्हणाला, आणि माझ्या हातात दिलं.

वसूंधरा दिगंबर म्हाप्रळकर. ६१. स्त्री. ओ पॉझिटिव्ह.

वसुंधरातला सु दीर्घ छापला होता. हे नाव मी टाकलं नव्हतं. असं कुणी मला माहीत नव्हतं, संदेशलाही नव्हतं. नोंदवहीची फाइल उघडली, तर तिच्यात पाचच लेबलं छापल्याची नोंद. संदेश म्हणाला, मेमरीत जुनं काहीतरी पडून राहिलं असेल, ओळीचा शेवट कुठे ते मशीनला कळलं नसेल, म्हणून पुढचं वाचत गेलं. असं होतं खरं. पण तेव्हा कचरा छापला जातो, तीन ओळींत नीट मांडलेलं बाईमाणूस नाही. शिवाय यंत्रातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्याच दिवशी सकाळी खोक्यातून काढलेला होता आणि नर्सिंग होमने त्यांची एकही यादी आम्हाला दिलेली नव्हती. आम्ही संध्याकाळपर्यंत दोनेकशे लेबलं छापली. पुन्हा काही तसं झालं नाही. ते लेबल मी डायरीत ठेवलं आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी मी आणि संदेश यंत्र घेऊन घाटकोपरला गेलो. लॅबच्या शिरोडकर मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की आदल्या संध्याकाळी काढलेल्या नळ्यांवर हाताने नावं लिहिलेली आहेत, आधी त्यांचीच लेबलं छापू. त्या तपासणीच्या कागदावरून एकेक नाव, वय, रक्तगट टाकत होत्या, मी शेजारी उभी राहून लेबल तपासत होते. चौथं की पाचवं असेल. वसूंधरा दिगंबर म्हाप्रळकर, ६१, स्त्री. सु दीर्घच.

खाली रक्तगट होता बी पॉझिटिव्ह.

मी संदेशकडे बघितलं, त्यानेही वाचलं होतं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की या कोण. मॅडम म्हणाल्या, खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन, रक्त लागणार. याच नळीतलं उरलेलं बारा वाजता ब्लड बँकेत जाईल, तिथे जुळवून बाटली देतील.

मी काय करणार होते? माझ्या डायरीत वेगळा रक्तगट छापलेला आहे, असं सांगायचं? त्या बाईंनी मला बाहेर काढलं असतं. आणि दुसरीकडे, मंगळवारचा कागद ही काही तपासणी नव्हती. मी स्वतःला तेच समजावत दोन लेबलं आणखी छापू दिली. मग नाहीच राहवलं.

“मॅडम, म्हाप्रळकरांचं रक्त परत काढाल का?”

“का?”

“माझं मशीन आज भरवशाचं नाहीये. रक्तगटाच्या रकान्यात गोंधळ होऊ शकतो.”

त्यांनी चष्मा काढला. “तुमचं मशीन बिघडलंय असं तुम्हीच सांगताय?”

“हो.”

संदेश खाली बघत उभा राहिला. यंत्र ठणठणीत होतं, आणि ते पास करून घ्यायलाच आम्हाला पाठवलं होतं. मॅडम म्हणाल्या, रक्तगट तर कालच तपासून कागदावर लिहिलाय, तुमच्या मशीनचा त्यात काय संबंध? मी नुसतं “प्लीज” म्हटलं. का कोण जाणे, त्या उठल्या. सुई, नळी घेतली आणि स्वतः वर गेल्या.

वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. काचपट्टी समोर होती. रक्त ओ पॉझिटिव्ह होतं. मग त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईचंही परत काढलं. ते बी पॉझिटिव्ह. संध्याकाळी दोन नळ्यांवरची नावं लिहिताना अदलाबदल झाली होती.

मी बावळटासारखं विचारलं, ब्लड बँकेत कळलं असतंच ना? मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, “तीच नळी गेली असती, तर जुळवणीही बरोबर आली असती. बाटली बी ची आली असती आणि हिला चढली असती.” मग त्यांनी हाताने नावं लिहिलेल्या त्या दोन्ही नळ्या उचलून बाजूला ठेवल्या. पुढे काय झालं असतं ते त्यांना नीट माहीत होतं. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस दगावू शकतो, हे मला नंतर वाचून कळलं.

यंत्र अर्थातच पास झालं नाही. आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावून भरपूर ऐकवलं, आणि चूक कुठे होती ते मी त्यांना सांगू शकले नाही, कारण चूक नव्हतीच. पुढे सव्वा महिन्याने तेच यंत्र, प्रोग्रॅमला हातही न लावता, त्याच नर्सिंग होमने घेतलं.

ऑपरेशननंतर आठवड्याभराने मी वसुंधराबाईंना भेटायला नर्सिंग होममध्ये गेले. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या होत्या. मुलगी जवळ होती. मी नावातल्या दीर्घ सूचं विचारलं तर मुलगी म्हणाली, आधारवरच चुकलंय, बदलायचं राहून गेलंय. मग मी त्यांना मंगळवारचं सगळं सांगितलं, लेबलही दाखवलं. मुलीने ते दोनदा वाचलं.

“मंगळवारी कसं छापेल?” ती म्हणाली. “आई पडली बुधवारी सकाळी. मंगळवारी तर ही ठणठणीत होती, विद्याविहारला भिशीला गेली होती. इथे आमचं नावसुद्धा नव्हतं कुणाकडे.”

वसुंधराबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “मी तर किती वर्षांत अंधेरीला गेलेलीच नाही गं.” आणि माझा हात हातात घेऊन बसल्या.

त्यानंतर संदेशने एक अख्खा शनिवार त्या बोर्डावर घालवला. मी प्रोग्रॅम कागदावर छापून पेन्सिल घेऊन वाचला. तीनशेच्या आसपास ओळी असतील. नाव फाइलीतून येतं, ठरलेल्या जागेत बसतं, छापलं जातं, संपतं. दुसरीकडून यायला वाटच नाही. ऑफिसातल्या कुणी गंमत केली म्हणावं, तर बुधवारी पडणाऱ्या बाईचा रक्तगट मंगळवारी कुणाला ठाऊक असणार? मामा असता तर त्याने एका वाक्यात उलगडा केला असता. मला ते जमत नाही. माझ्याकडे अजूनही उत्तर नाही आणि ते सापडेल अशी आशाही आता मी धरत नाही.

फक्त एक झालंय. यंत्र नव्या ठिकाणी बसवायचं असेल तर पहिल्या दिवशी मी स्वतः जाते. सर म्हणतात, संदेश एकटा पुरे, तू कशाला दिवस घालवतेस? मी ऐकत नाही. मशीनशेजारी स्टूल घेऊन बसते आणि बाहेर येणारं प्रत्येक लेबल वाचते, नाव, वय, रक्तगट, सावकाश. नेमकं काय शोधतेय, ते कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.