थोरलीचा केसपेपर
शेजाऱ्यांनी काल ढेकणांसाठी फवारणी करून घेतली आणि तो उग्र वास नाकात शिरताच सोनपेठकडचं आमचं आरोग्य केंद्र आठवलं. मी तिथं नवा डॉक्टर होतो. ऐन उन्हाळा, लाईट गेलेली, बाहेर रांग, कागद घामेजल्या मनगटाला चिकटायचे. एकाच वस्तीतले बरेच जण तापानं यायचे. हा मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आहे हे मला कळायचं, औषधही त्याचंच द्यायचो, पण केसपेपरवर लिहायचो नुसतं 'ताप'. दमलेल्या हाताला तेवढंच जमायचं. महिन्याच्या तक्त्यात नुसत्या तापाला रकानाच नव्हता. क्लार्कनं दोनदा विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "टाका कुठंही." त्यानं सगळे हिवतापात टाकले. तक्ता परभणीला गेला आणि वस्तीत डासांची फवारणी झाली. पंधरा दिवसांनी तिथली एक म्हातारी आली. "डाक्टरसाब, थोरल्या सुनंला तुमी बरं केलं. आता धाकटी फणफणायलीय. भिताडं पांढरी करून गेले, हिरीत औषध कवा टाकणार?" मी कागद पुढं ओढला आणि मुदतीचा ताप, विहिरीचं पाणी, आजारी घरं, सगळं लिहून काढलं. वाचता न येणारी ती म्हातारी माझ्या ओळी बघत राहिली. मग म्हणाली, "थोरलीच्या कागदावर एवढं न्हवतं."