मजकूर न वाचता

चिमे,

मी शिकायला परदेशी निघाले त्या दिवशी अकोला स्टेशनवर गाडी सुटायला चार मिनिटं उरली होती आणि बाबा डब्याच्या दाराशी उभं राहून मला कायदा शिकवत होते. "वाचल्याशिवाय कुठंच सही करू नोको. समोर कोणी का असेना." तुझे काका कसे आहेत तुला ठाऊकच आहे. जन्म अकोल्याच्या कोर्टात गेला, लग्नाची पत्रिका आली तरी आधी तळाची बारीक अक्षरं वाचतात. गाडी हलली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "भेव वाटलं तं सांगजो." संत्राबर्फीचा डबा तिच्या हातातच राहिला.

परवा अमरावतीहून तू विचारलंस, व्हिसा तर झाला ताई, पण तिकडे गेल्यावर त्या सोरोरिटीत जाऊ का? व्हिडिओ पाहिलेस म्हणे, सगळ्या सारख्या कपड्यांत, गळ्यात गळे. मीही तेच पाहिलं होतं. म्हणून जे झालं ते सरळ सांगते, शहाणपण शिकवत नाही.

सोरोरिटी म्हणजे मुलींचा कंपू गं, पण कंपूला स्वतःचं मोठं घर, ग्रीक अक्षरांचं नाव आणि जन्मभराच्या बहिणी. आधी त्या तुला आठवडाभर घरी बोलावून पारखतात, अगदी पोरगी पाहायला आल्यासारख्या. मग पसंत पडलीस तर कार्ड येतं. मला आलं. खोटं कशाला बोलू, मी नाचले. दीड महिना डायनिंग हॉलमध्ये मी एकटी जेवत होते. माझी रूममेट ॲबी त्याच घरात जाणार होती. मी गेले नाही तर तीही तुटणार, हे मला दिसत होतं. सोमवारी दुपारपर्यंत सही करून कळवायचं होतं.

भेव तिथून सुरू झालं. आमच्या समोरच्या खोलीतली एक मुलगी आधीच दुसऱ्या एका घरात गेली होती. चार दिवस ती दिसलीच नाही. परत आली तेव्हा कपात कॉफी ओतताना भेटली. मी विचारलं, कुठं होतीस? "सांगता येत नाही," म्हणाली. बरी आहेस ना? "तेही सांगता येत नाही." आणि हसली.

शनिवारी आमच्या होणाऱ्या घराची मोठी ताई, हॅना, समजवायला आली. चांगली होती बिचारी. म्हणाली, सहीनंतर एक विधी असतो, त्यात शपथ घ्यायची, आणि आत जे होतं ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही. मी वकिलाची पोरगी. मी विचारलं, "शपथेचा मजकूर आधी वाचायला मिळेल का?" हॅना आणि ॲबी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग हॅना म्हणाली, आजवर हे कुणी विचारलंच नाही. घेतानाच कळतं म्हणे. "आणि आईला सांगितलं तर चालेल?" तिने मान हलवली. नाही.

रविवारी रात्री घरी फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, बाबा कोर्टात जायच्या तयारीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि निकालच दिला. "मजकूर नाही तं सही नाही. विषय संपला." मागून आईचा आवाज आला.

"लग्नात भटजी काय म्हणत होते ते मले कुठं समजलं होतं? चाल म्हणाले, सात पावलं चालली. अन् माहेर सोडून मोर्शीहून तुमच्या अकोल्यात, जुन्या शहरात आली. मले कोणी दाखवला होता मजकूर?"

बाबा म्हणाले, "ते वेगळं."

"काय वेगळं?"

कोर्टात तारीख आहे म्हणत बाबा निघून गेले.

सोमवारी मी नाही म्हणून कळवलं. पुढच्याच महिन्यात ॲबी त्या घरात राहायला गेली. कॅम्पसवर भेटली की हात हलवायची, थांबायची नाही. ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. आता दोन मैत्रिणी आहेत, लायब्ररीतलं काम आहे, कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय आहे. पण त्यांची गाणी रस्त्यापलीकडून ऐकू आली की आजही वाटतं, मी चुकले काय? खरंच माहीत नाही.

बाबांनी मात्र कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. पोरीनं तत्त्वासाठी नकार दिला म्हणे. मी त्यांना काही बोलले नाही. तत्त्व कसलं, बाप्पा. मी भ्याले होते. मजकूर दाखवला असता तरी भ्यालेच असते.

आईला ते त्या रविवारच्या फोनवरच कळलं होतं. बाबा बाहेर गेलेले पाहून तिने हळूच विचारलं, "भेली ना?"

"हो."

"मी बी भेलीच होती. तुझ्या आजीनं दार उघडलं तं पाय उचलेना माहा." मग म्हणाली, "तुले नाही म्हणता येते. ते चांगलं हाय."

चिमे, ज्या घरासाठी मी इथं बाथरूमचा नळ सोडून रडत होते, त्याच घराच्या उंबऱ्यावर माझी आई अशी थिजून उभी होती, हे मला इतक्या दूर आल्यावर कळलं. आता घर आठवलं की आधी ती दिसते. तेव्हाची, माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी, पायात माप ओलांडायचं बळ नसलेली.

तू जा किंवा जाऊ नकोस. पण सहीच्या आधी मला फोन कर. मी एकच विचारीन, भेली ना? अन् खरं सांगजो.

तुझी ताई